ठकूबाईची हाक

भानगीर महाराज आसनगव्हाणला आले तेव्हा गावात मठ नव्हता की धर्मशाळा नव्हती. ओढ्याकाठी एक पडका गोठा होता. महाराजांनी तो झाडला, शेणाने सारवला आणि तिथेच धुनी पेटवली. "गाय राहिली त्या जागेत गोसाव्याला काय कमी?" असं म्हणून ते हसत. पुढे त्याच गोठ्यात भजन होऊ लागलं आणि दमलेभागलेले लोक तिथे टेकू लागले.

गावाच्या डोक्यावर भैरवकडा नावाचा किल्ला होता आणि त्यावर संस्थानाचा तुरुंग. तिथे कैद्याची गाठभेट कुणाला मिळत नसे. रीत एवढीच होती, की अमावास्येला घरच्या माणसाने तटाखाली उभं राहून आपल्या कैद्याला हाक द्यायची. आतून ओ आली की शिदोरी टोपलीत ठेवायची आणि शिपायांनी ती दोराने वर ओढायची. तोंड दिसायचं नाही, सुखदुःखाचं बोलणं व्हायचं नाही. पण त्या एका हाकेवर आतली माणसं महिना काढीत. ज्याची हाक थांबे त्याचं अन्नही सुटे, हे तिथल्या शिपायांनी पुष्कळदा पाहिलं होतं.

ठकूबाईचा हैबती त्या तटाआड होता. गुन्हा खरा होता. शेताला पाटाचं पाणी घ्यायच्या पाळीवरून भांडण झालं आणि त्याने रागाच्या भरात शेजाऱ्याच्या खांद्यावर फावडं घातलं. शेजाऱ्याचा हात जन्माचा लुळा पडला. ठकूबाईने पोराची बाजू कधी घेतली नाही. "चुकलंच त्याचं," ती म्हणे. "पर चुकलं म्हनून लेकरू पोटाभाईर कसं काढू?" नवरा कधीच गेला होता, सून माहेरी निघून गेली होती. दर अमावास्येला ती भाकऱ्या बांधायची, कडा चढायची, हाक द्यायची आणि उतरायची. उतरल्यावर दोन दिवस तिचे गुडघे तिच्याशी बोलत नसत. थकवा असा अंगात मुरला होता, की पीठ मळता मळता तिचा डोळा लागे. भजनाला ती यायची तेसुद्धा खांबाला पाठ टेकायला मिळते म्हणून. आणि हे महाराजांना पक्कं माहीत होतं!

गावचे माणकोजीराव देशमुख मात्र तिला पाहिलं की कपाळाला आठ्या घालीत. किल्ल्याच्या कोठाराला धान्य त्यांचं जायचं, त्यामुळे तोरा मोठा. एकदा भर भजनात ते म्हणाले, "महाराज, कैद्याची आई पुढच्या खांबाशी, आणि आम्ही दाराशी? तुरुंगात गेला तो घराला मेला. असल्यांची नावंसुद्धा घेऊ नयेत."

महाराज म्हणाले, "देशमुख, तुम्हाला टेकायचं असेल तर तो दुसरा खांब रिकामा आहे. पण टेकायला आधी दमावं लागतं."

लोक हसले. देशमुखांना ते झोंबलं.

त्या साली थंडीत ठकूबाई तापाने पडली आणि तिची एक अमावास्या चुकली. ताप उतरला, पण घसा बसला तो बसलाच. शब्द म्हणून फुटेना. अशातच किल्ल्यावरच्या जमादाराने निरोप धाडला: हैबतीने अन्न सोडलंय. आई गेली असं त्याने मनात घेतलंय. आजारी आहे म्हणून सांगितलं तर म्हणतो, सगळ्यांना असंच सांगता. या अमावास्येला हाक आली नाही, तर तो काही पुढची बघत नाही.

अमावास्येच्या सकाळी ठकूबाई गोठ्यात आली आणि घशाकडे बोट दाखवून मटकन खाली बसली. तिच्या डोळ्यांत पाणीसुद्धा नव्हतं. रडायलाही त्राण लागतं.

महाराजांनी धुनीवर राख लोटली आणि उठून तिचं गाठोडं आपल्या डोक्यावर घेतलं. "चल माय," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत अर्धा कडा होईल."

वाटेत देशमुखांचे धान्याचे बैल चालले होते. घोड्यावरून देशमुख ओरडले, "वा महाराज! आता चोराचिलटांची शिदोरी वाहता? आणि ही मुकी वर जाऊन करणार काय? की हाक तुमचा देव मारणार?"

"बघू, कुणाला मारावीशी वाटते," महाराज म्हणाले, आणि चालत राहिले.

ठकूबाईला ते ऐकूनही राग आला नाही. पुढचा दगड, मग त्यापुढचा दगड, एवढंच तिला दिसत होतं. मधेच तिच्या मनात आलं, इथेच बसावं आणि उठूच नये. तेवढ्यात महाराजांनी मागे न बघता हात पुढे केला. तिने तो धरला.

तटाखाली माणसं जमली होती. एकेक जण हाक देत होता, आतून ओ येत होती, टोपली वर जात होती. कुणी बायकोला दटावत होतं, "रडू नगंस, आवाज कापतो आन् त्याला कळतं." ठकूबाईची पाळी आली. महाराज जमादाराला म्हणाले, "हिचा घसा गेलाय. मी हाक दिली तर चालेल?"

जमादार भला होता, पण हुकमाचा ताबेदार. "न्हाई जी. ज्याचं मानूस त्यानंच हाक द्यायची. परक्यानं दिली तर माझी भाकर जाती."

दरवाज्याजवळ धान्य मापून देत असलेले देशमुख मोठ्याने हसले.

महाराज ठकूबाईजवळ आले. "माय, तू नुसते ओठ हलव. आवाजाचं ओझं माझ्याकडे दे." आणि तिथेच धोंड्यावर बसून त्यांनी डोळे मिटले.

ठकूबाईने तटाकडे तोंड केलं. एवढ्या वर्षांत दिलेल्या सगळ्या हाका तिला आठवल्या आणि आता एकही जवळ नाही असं वाटून तिचा जीव कासावीस झाला. तिने ओठ हलवले. खाली कुणालाच काही ऐकू आलं नाही. वाऱ्याने गवत तेवढं हललं.

आणि आतून हैबतीचा आवाज आला! "ओ, आये! हाय गं मी, हाय! जेवतो आये, आत्ता जेवतो!"

ठकूबाई दोन्ही हातांनी तट धरून उभी राहिली. पण नवल एवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या कोठडीतून ओ आली. मग तिसरीकडून. ज्यांच्यासाठी त्या दिवशी कुणीच आलं नव्हतं तेही ओ देऊ लागले. एक म्हातारा कैदी तर लहान पोरासारखा रडत होता, "आलो माय, आलो!" धन्य ती हाक! ओठ हलले एका आईचे, आणि आत ज्याने त्याने आपापल्या आईचा आवाज आपलं नाव घेताना ऐकला. शिपाई भाले टेकून स्तब्ध उभे राहिले.

तेवढ्यात अगदी दरवाज्याच्या वरून एक आवाज आला. "दादा! माणकोजीदादा, खाली आहेस का रे?"

देशमुखांच्या हातातलं माप खाली पडलं. तो आवाज त्यांच्या धाकट्या भावाचा, सुभानजीचा होता. सुभानजी काशीला जाऊन बैरागी झाला, असं देशमुखांनी गावाला सांगितलं होतं आणि गावाने ते मानलं होतं. घराण्याला डाग नको म्हणून ते दर महिन्याला धान्य घेऊन त्याच दरवाज्यात येत, आणि हाक न देता परत जात.

"दादा," वरून आवाज आला, "आईला एवढा चढ कशाला रे चढवलास? दम लागतो तिला. मला ऐकू आलं गं आई! आता खाली जा, सावलीत बस!"

शिपायाने त्याला गप्प करायला हवं होतं. जमादाराने मान वळवली.

देशमुखांची आई गेल्या पावसाळ्यात वारली होती. शेवटचे दोन दिवस ती सुभानजीचं नाव घेत होती, आणि "एकदा तटाखाली न्या मला, एक हाक मारू द्या," म्हणून हात जोडत होती. देशमुखांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.

सगळ्या माणसांदेखत देशमुखांनी पागोटं काढलं आणि महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं. "महाराज, ती मारणार होती ती हाक मी अडवली. आता त्याला काय सांगू?"

महाराजांनी तोंड उघडलं, पण आवाज फुटला नाही. ठकूबाईचं ओझं त्यांनी खरोखरच घेतलं होतं. त्यांनी देशमुखांना उठवलं आणि तटाकडे बोट दाखवलं. वरचा माणूस अजून उत्तराची वाट बघत होता.

देशमुखांना हाक देता येईना. दोनदा त्यांनी तटाकडे तोंड केलं आणि दोनदा मान खाली घातली. तेव्हा ठकूबाई लटपटत पुढे आली. तिने गाठोडं सोडलं, अर्ध्या भाकऱ्या त्यांच्या हातात दिल्या आणि बसक्या घशातून पहिला शब्द काढला, "रिकाम्या हातानं हाक देऊ नये, आबा. द्या आता."

"सुभाऽऽ!" देशमुख ओरडले. कडा दणाणला. "आई गेली रे सुभा! तुझं नाव घेत गेली. मी तिला आणलं नाही!"

वरून सुभानजीने विचारलं, "मग आत्ता आली ती कोण?"

देशमुख वळले आणि धुळीने भरलेल्या, भेगाळलेल्या ठकूबाईच्या पायांवर त्यांनी मस्तक ठेवलं.