देवाची सोंगटी

“देवाची सोंगटी मारणं हा अपराध आहे की नाही, एवढंच सांगा महाराज.”

चिंतोबुवा मठाच्या ओसरीवर सुपारी कातरत बसले होते. त्र्यंबक समोर उभा होता, तरी त्यांनी मान वर केली नाही.

“कुणी मारली?”

“धोंडूशेटनं. काल दोनदा. आणि मारून वर हसला.”

कृष्णाकाठच्या त्या मठात एक जुना रिवाज होता. दुपारचा नैवेद्य झाला, विडा दिला, की मुरलीधरापुढे सारीपाट मांडायचा. कापडी पट, लाकडी सोंगट्या, मूठभर कवड्या. मग गाभाऱ्याचं दार लोटून घ्यायचं. देव जेवला, आता घटकाभर खेळेल, अशी समजूत. संध्याकाळी पट जसाच्या तसा गुंडाळून ठेवायचा.

ही सेवा त्र्यंबकाची. मिसरूड फुटायच्या आधीपासूनची. त्याच्या हातून सोंगटी कधी रेषेवर गेली नाही, पटाला कधी सुरकुती राहिली नाही.

मध्ये त्याला हिवताप झाला. तेवढ्यापुरतं काम धोंडूशेटकडे गेलं. कापडाचं दुकान मुलाच्या हवाली करून हा गृहस्थ नुकताच मठात आलेला. पोट सुटलेलं, स्तोत्र एकही धड पाठ नाही. मांडलेला पट पाहून त्याला राहवेना. तो समोर बसला आणि चक्क खेळू लागला. उजव्या हातानं स्वतःचं दान टाकायचं, डाव्या हातानं देवाचं.

त्र्यंबकाचा ताप उतरला. सेवा मात्र कुणी परत दिली नाही. आणि भर दुपारी गाभाऱ्यातून हसण्याचा आवाज येऊ लागला. त्र्यंबकाच्या अंगाचा तिळपापड झाला.

“गाभारा म्हणजे काय गावची चावडी आहे?” तो म्हणाला. “माझी सेवा मला परत द्या.”

“शेटचं हसणं खुपतं?”

“हसणं नाही. मर्यादा सुटते, ते खुपतं.”

बुवा सुपारी कातरत राहिले...

“खरं सांगू?” त्र्यंबकाचा आवाज खाली आला. “जळतो मी, महाराज. इतकी वर्षं पट मांडून दाराबाहेर बसलो. आतून कधी काही ऐकू आलं नाही. हा माणूस परवा आला, आणि... आत दोघं आहेत असं वाटतं.”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला.

“चल. आज तू खेळ.”

धोंडूशेट नुकताच पट मांडून बसला होता. त्र्यंबकाला पाहून तो आनंदानं बाजूला सरकला.

“या, या त्र्यंबकराव. पण सांभाळून हं. मोठा बिलंदर आहे तो.”

त्र्यंबकानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. सोवळं सावरून, पाठ ताठ करून तो बसला. देवाला नमस्कार केला आणि कवड्या टाकल्या. दान चांगलं पडलं. देवाची सोंगटी अगदी टप्प्यात होती. त्यानं दुसरीच सोंगटी पुढे सरकवली.

“मारली का नाहीस?” दारातून बुवांनी विचारलं.

“देवाची आहे.”

मग त्यानं देवासाठी कवड्या टाकल्या. दान अगदीच फुसकं पडलं. त्र्यंबकानं गुपचूप कवड्या गोळा केल्या आणि पुन्हा टाकल्या.

“अहो, पण हे...” धोंडूशेट चुळबुळला. बुवांनी हातानंच त्याला गप्प केलं.

डाव लवकर आटोपला.

“देव जिंकले,” त्र्यंबक म्हणाला आणि त्यानं हात जोडले.

कुणीच हसलं नाही. धोंडूशेट पायाचा अंगठा चाचपत खाली बघत राहिला.

“काही ऐकू आलं?” बुवांनी विचारलं.

“...नाही.”

बुवा आत आले आणि पटापाशी बसले.

“लहानपणी कुणाशी खेळायचास रे?”

“दादाशी. थोरला भाऊ माझा.”

“कोण जिंकायचं?”

“मीच. दादा मुद्दाम हरायचा.”

“तुला कळायचं?”

“न कळायला काय झालं? मारता येणारी सोंगटी सोडून द्यायचा, चुकीचं घर मोजायचा.”

“मग तू काय करायचास?”

“काय करणार... पट उधळून द्यायचो. भोकाड पसरायचो. आई म्हणायची, जिंकूनही रडणारं पोर आमच्याच घरात आहे.”

त्र्यंबकाला हसू आलं. आल्याआल्याच ते ओठावर थांबलं. त्याची नजर पटावर गेली, आणि तिथून वर उचलेना.

बुवांनी सोंगट्या गोळा केल्या. त्याची ओंजळ पुढे ओढून तीत ठेवल्या.

“उद्यापासून सेवा तुझीच.”

धोंडूशेटचा चेहरा उतरला. त्र्यंबकाचाही खुलला नाही.

“महाराज, मला... जमेल?”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. दाराशी जाऊन थबकले, आणि मुरलीधराकडे बघत म्हणाले,

“सोशिक आहे रे बिचारा. इतकी वर्षं झाली, अजून त्यानं पट उधळला नाही.”