मान्योकची पहिली भाकरी

मॉरिशसच्या पश्चिमेला, उसाच्या मळ्यांमागे एक जुनी मराठी वस्ती आहे. तिच्या पाठीमागचा हा डोह. पाणी नितळ, बारमाही. पण इथे गुरांना पाणी पाजायला कुणी आणत नाही. पाहुण्यांनी कारण विचारलं, की वस्तीतली जुनी माणसं आधी त्यांना खाली बसायला सांगतात. ही हकीकत उभ्याने ऐकायची नाही म्हणे.

कोकणातून मजुरीला आलेली पहिली माणसं मळेवाल्याने दिलेल्या तांदळावर जगायची. एका वर्षी मोठं वादळ झालं आणि तांदळाचं जहाज येईना. मग मळेवाल्याने जाडजूड मुळं वाटली. इथले लोक त्यांना मान्योक म्हणतात. माल देणारा मालाची रीत सांगेलच असं थोडंच आहे?

आवडी नावाच्या सुनेने ती मुळं उकडली. आता कोकणातली बाई भाताचं पाणी कधी फेकते का? तिने वरचं पाणी गाळलं, मीठ घातलं आणि दमून आलेल्या नवऱ्याला, धाकूला, पेज म्हणून दिलं. तो पोटभर प्याला. दिवस मावळायच्या आत गेला.

मुळांत विष आहे, असं वस्तीत झालं. सासू भिवरा त्या दिवसापासून आवडीशी बोलेना. तांदूळ तर नव्हताच. आवडीची चिमुरडी मुलगी आधी भुकेने रडायची. मग रडायचीही थांबली. मूल रडतं तोवर आईला धीर असतो. ती गप्प झाली तेव्हा आवडी तिला उचलून दारात येऊन बसली.

शेजारची सेलेस्तीन नावाची क्रेओल बाई, इथल्या जुन्या गुलामांच्या वंशातली, हे बघत होती. तिची भाषा आवडीला येत नव्हती. तिने सरळ मनगट धरून आवडीला या डोहावर आणलं, मुळं सोलून किसली, फडक्यात बांधली आणि वर धोंडा ठेवला. पांढरं पाणी निथळून डोहात गेलं. त्याकडे बोट दाखवून तिने स्वतःचा गळा आवळून दाखवला. कोरडा कीस तेवढा तव्यावर थापून भाजला.

आवडी भाकरी घेऊन घरी आली खरी, पण तुकडा मोडवेना. धाकूला पेज दिलेला हात तोच होता. तेवढ्यात भिवराने ताट स्वतःपुढे ओढलं.

"माझ्या झिलाक वाढलंस, आता माका वाढ. पोरीक आवस व्हयी."

लेकाची आठवण हा टोमणा होता, की पोरीला आई हवी ही माया, आवडीला कळेना. म्हातारीने भाकरी संपवली आणि कुडाला टेकून डोळे मिटले. आवडी तिच्या छातीकडे बघत राहिली. श्वास दिसेना, तशी ती सरकत जवळ गेली आणि तिच्या नाकाशी बोट धरलं.

"जिती आसय मी," डोळे न उघडता भिवरा म्हणाली. "बघतस काय? पोरीक वाढ."

आजही वादळाचे दिवस सरले, की बाया याच डोहावर कीस पिळतात आणि वस्तीत घरोघर मान्योकची भाकरी होते. दुकानात तांदूळ मुबलक आहे, तरी होते. पहिली भाकरी घरातली थोरली बाई एकटी खाते. बाकीचे मांडीवर हात ठेवून बसतात. ती "वाढ" म्हणेपर्यंत ताटाला कुणी शिवत नाही. काही म्हाताऱ्या मुद्दाम डोळे मिटून गप्प राहतात म्हणे. परदेशात शिकून आलेली नातवंडंही समोर असतात, पण तेवढा वेळ कुणाला हसू येत नाही.