कोल्होबाचा नारळ

खाडीकाठची जनावरं अजून माणसांचं बघून बघून शिकत होती, तेव्हाची ही गोष्ट.

एका कोल्होबाला चिखलात रुतलेली अ‍ॅल्युमिनियमची जुनी मोटारबोट सापडली. आयुष्यात त्यानं कधी हातोडी धरली नव्हती. पण सासुरवाडी खाडीपलीकडे होती आणि तिथे एकदा तरी ऐटीत उतरायचं होतं. मग काय! चार महिने तो घासत, ठोकत, स्वतःचीच बोटं ठेचत राहिला. भोकं बुजली, पोचे निघाले, इंजिनसुद्धा खोकत खोकत सुरू झालं.

बोट पाण्यात लोटायच्या दिवशी सगळं रान जमलं. बोट पाण्यात तरंगू लागताच कोल्होबा तिच्या टोकावर नारळ घेऊन उभा राहिला.

“अरे, हा काठावरच्या दगडावर फोड,” पाण्यातून कासवआजोबा म्हणाले. “बोटीचा पत्रा जुना आहे.”

“कोळी होडीवरच फोडतात. मी डोळ्यांनी पाहिलंय!”

“त्यांची होडी लाकडाची असते रे बाबा.”

“आजोबा, शुभ कार्यात अपशकुन करू नका!” असं म्हणून कोल्होबानं दोन्ही हातांनी नारळ हाणला.

टण्ण! नारळाला साधा ओरखडाही आला नाही. पत्र्याचे जुने सांधे मात्र उसवले आणि चार महिन्यांची मेहनत बुडबुडे सोडत तळाला गेली. कोल्होबा नारळाला मिठी मारून, गटांगळ्या खात कसाबसा काठाला लागला.

कासवआजोबांनी तो नारळ सगळीकडून निरखून पाहिला.

“पक्का आहे,” ते म्हणाले. “पुढच्या वेळी सासुरवाडीला यावर बसूनच जा. फोडायला बोट घे.”