उंबरठ्यावरचं माप

“...पण उजवाच पाय का?” सोमगिरींनी विचारलं.

विश्वंभराला असलाच प्रश्न हवा होता. काशीहून शिकून तो नुकताच सोमगिरींच्या मठात परतला होता, आणि डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या गावातलं आजचं लग्न त्यानेच लावलं होतं.

“डावा अशुभ म्हणून,” तो म्हणाला. “आणि या मापालाही इतिहास आहे, महाराज. पूर्वी मुली पळवून आणत, उचलून घरात टाकत, असं जाणते सांगतात. पुढे लोक शहाणे झाले. दारात तांदळाचं माप ठेवू लागले. मुलगी स्वतःच्या पायाने ते लवंडून आत आली, म्हणजे राजीखुशीने आली.”

“बरं सांगितलंस.”

दोघे वराच्या अंगणात बसले होते. समोर उंबरठ्यावर माप भरून ठेवलेलं. नवी सून रेवा काठी टेकून पायरीशी उभी होती. लहानपणीच्या तापात तिचा डावा पाय अधू झाला होता. त्यावर भार देऊन उजवा उचलायला गेली की तोल जाई. मघाशी पडता पडता वाचली होती.

सासू, अनुसया, दारात आडवी उभी.

“थोरली सून डाव्या पायाने आली होती,” ती म्हणाली. “वर्षभरही जगली नाही.”

आवाजात राग नव्हता. भीती होती.

“मी तिला उचलून घेतो,” नवरा म्हणाला, हणमंत. “माप कुणीतरी हाताने लवंडा.”

“चालेल,” विश्वंभर म्हणाला. “तशी सोय आहे शास्त्रात.”

“उचलून नको.”

रेवा बोलली होती. सकाळपासून पहिल्यांदाच.

सोमगिरी उठले. दारापाशी गेले आणि सरळ जमिनीवर, मापाशेजारी बसले.

“पोरी, या घरात यायचंय तुला?”

“हो.”

“कुणी सांगितलं म्हणून?”

“नाही. यांना मीच होकार दिला.”

“मग कोणत्या पायाने येशील?”

रेवाने खाली पाहिलं. मग वर.

“जो पुढे पडतो त्या.”

सोमगिरींनी विश्वंभराकडे नजर टाकली.

अनुसया कितीतरी वेळ सुनेकडे बघत राहिली. मग माप ओलांडून बाहेर आली. रेवाच्या हातातली काठी तिने काढून घेतली, हणमंताकडे दिली, आणि आपला खांदा पुढे केला.

“धर मला. आणि पाय चांगला जोरात मार.”

रेवाने खांदा धरला. डावा पाय मागे घेतला.

माप उडालं. गडगडत पार देवघराच्या पाटापर्यंत गेलं. तांदूळ माजघरभर झाले, सोमगिरींच्या दाढीतसुद्धा. थबकलेला सनईवाला भानावर आला, ताशा कडाडला, आणि सासूसुना एकमेकींना धरून आत गेल्या. अनुसया रडत होती की हसत होती, तिचं तिलाही कळत नव्हतं. हणमंत काठी खांद्यावर टाकून मागून चालला, लढाई जिंकून आल्यासारखा.

बाकी मंडळीही आत गेली, अंगणात आता गुरुशिष्यच उरले.

“महाराज,” विश्वंभर हळूच म्हणाला, “पुढच्या सुनेला काय सांगायचं मग? उजवा... की डावा?”

सोमगिरी दाढीतले तांदूळ झटकत उठले.

“तिला विचार.”