राजीखुशीचा कागद

"राजीखुशीने, असं लिहिलंय ना कागदावर? मग ओरडताय कशाला, शेट?" आवडाबाईने विचारलं, तशा काजूच्या कारखान्यातल्या सगळ्या बायका बिया फोडायच्या थांबल्या.

बाजार पडला म्हणून बाबल शेटने मजुरी कापायची ठरवली होती. 'आम्ही राजीखुशीने कमी मजुरी घेऊ' असा कागद टाइप करून आणला होता. आवडाबाईने सही केली की बाकीच्या मुकाट करतील, हे तो जाणून होता. सगळ्यांच्या चुली त्या एका सहीवर टांगलेल्या.

"कारखाना माझा, मजुरी मीच ठरवणार!" शेट कडाडला. "तुला विचारतो कोण गो?"

"मग न्या तो कागद परत. माझी सही हवी कशाला?"

"हवी कशाला म्हणजे? वकिलाने बजावलंय, बायकांच्या सह्या नसतील तर एक पैसा कापता यायचा नाही!"

माणूस पैशाने मोठा, पण तोंडाला झाकण नाही. बोलून गेला आणि जीभ चावली.

आवडाबाई हात पुसत शांतपणे उठली. "म्हणजे शेट, मजुरी कापणं तुमच्या नाही, आमच्या हातात आहे, आणि आम्ही ती कापत नाही."