अर्ध्या घाताचं पाणी

देवाशप्पथ, गोष्ट खरी आहे. म्हणजे साळुंकीचा भाग खरा आहे. बाकीचं मी ऐकलेलं.

एका राज्यात भद्रसेन राजा होता. त्याला एकच मुलगी, मृगावती, वय नऊ. एकदा त्याने एका मांत्रिकाला पंगतीत शेवटी बसवलं. तिथवर श्रीखंड पोचलंच नाही. मांत्रिक हात धुऊन म्हणाला, "तुझ्या मुलीच्या वयाचा वर्ग होवो."

नऊ नवे एक्क्याऐंशी. मुलीचे दात पानात पडले.

राजाने पाय धरले. मांत्रिकाने लोटा दिला.

"यात तीन घोट आहेत. पाजताना जे गणित म्हणशील, तसं वय होईल. पण शाप फिटेल तो वयाला अर्धा घात दिलास तरच. न फिटता पाणी संपलं, तर दिवेलागणीला मुलगी जाईल."

राजाने प्रधानाला विचारलं, "अर्धा घात म्हणजे?"

"निम्मं करायचं, महाराज. त्यात काय एवढं."

पहिला घोट. मृगावती साडेचाळीस वर्षांची झाली, आणि मुदपाकखान्यात इतकं तेल कुणाला लागतं म्हणून विचारू लागली.

"लागू पडलंय," प्रधान म्हणाला, "जरा कमी पडलंय. आणखी एकदा."

दुसरा घोट. सव्वावीस. आता ती बापाशी बोलेना. पण तिची नखं निळी पडत चालली होती.

तेव्हा खिडकीतली साळुंकी म्हणाली, "हा भागाकार झाला."

"तुला येतं?"

"येतं."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही प्रधानांना विचारलंत." साळुंकीने पंख खाजवला. "अर्धा घात म्हणजे वर्गमूळ. अशी संख्या, जी स्वतःलाच गुणली की आहे ते वय येईल. एक्क्याऐंशीचं नऊ होतं."

"मग आता नुसतं नऊ म्हणतो."

"होईल नऊ. दिवेलागणीला जाईल."

"आणि सव्वावीसचं वर्गमूळ?"

"साडेचार."

राजाने कोळशाने भिंतीवर साडेचारला साडेचारने गुणलं. सव्वावीस आले. चुकलं असेल या आशेने परत गुणलं. चुकलं नव्हतं.

तिसरा घोट. शाप फिटला. नखं गुलाबी झाली, नगारे वाजले, आणि प्रधानाची हत्तीवरून मिरवणूक निघाली.

राणी वारली तेव्हा मृगावती पाच वर्षांची होती. ते सगळं तिचं एकदा रडून झालं होतं. आता ती साडेचारची होती, आणि तिला ते ठाऊकच नव्हतं.

"बाबा, आई कुठाय?"

राजाने तिला मांडीवर घेतलं. "सांगतो," म्हणाला. दिवे लागले, विझले, तरी तो "सांगतो"च म्हणत होता.

संपली. सोळा पेढे ठरले होते, काढा. आता वर्गमूळ येतं म्हणून चारावर बोळवण करू नका, मी मोजून घेतो.