गुऱ्हाळाजवळचं वारूळ

"अगं, दार उघड की. किती वेळ मिशा आपटू?" निरोप घेऊन फिरणारी हरकारी मुंगी कोठीच्या दाराशी तणतणत होती.

"आपट खुशाल," आतून कोठीवाली म्हणाली. "तुझ्यातच जोर उरला नाही, बाई."

हे भांडण फार पूर्वीचं, उसाच्या गुऱ्हाळाशेजारच्या वारुळातलं. वारूळ कसलं, जमिनीखालचं नगरच ते. असंख्य कोठ्या, गडद अंधार, तरी एकीचाही रस्ता चुकायचा नाही. दाणा आत आला की हरकारीने दाराला नुसती मिशी टेकवायची आणि दार अलगद उघडायचं. बघणाऱ्याने हात जोडावेत असं काम.

पण गुऱ्हाळ सुरू झालं आणि मुंग्यांनी बी-दाणा सोडून दिवसरात्र गूळच ओढला. मग दारं उघडेनात. राणीने हरकाऱ्या वाढवल्या. साऱ्याजणी मिळून ठोकत, तेव्हा कुठे एखादं दार किलकिलं होई. उरलेला गूळ बोळांत पाझरला, पिल्लांना भरवणाऱ्या दायांचे पाय त्यात रुतले आणि पिल्लं पलीकडे उपाशी अडकली.

"आणखी हरकाऱ्या पाठवा," राणी म्हणाली.

तेव्हा वारुळातली सगळ्यांत म्हातारी मुंगी चिकटलेले पाय सोडवत पुढे आली. "राणीबाई, हरकारीच्या मिशीला काही झालं नाही आणि दारंही शहाणी आहेत, आत तीळ ठेवायला जागा नाही म्हणून ती उघडत नाहीत, तेव्हा हरकाऱ्या नका वाढवू, आधी ती गुळाची रांग बाहेरच थांबवा."